न विकायला काढलेलं घर

चावीताईंना चावीताई म्हणायला कुणी सुरुवात केली हे आता कुणाला आठवत नाही. पण नाव असं काही चिकटलं की त्यांचं खरं नाव बँकेच्या पासबुकापुरतंच उरलं. त्या घरं विकून द्यायच्या. एजंट म्हणा, दलाल म्हणा, तोंडावर मात्र ताईच म्हणा, कारण वस्तीतल्या निम्म्या बंगल्यांच्या चाव्या त्यांच्या पर्समध्ये असत आणि उरलेल्या निम्म्यांची बित्तंबातमी डोक्यात.

वस्ती म्हणजे साधीसुधी नव्हे. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंच्या झाडांनी वर एकमेकांच्या फांद्यांत फांद्या घातलेल्या, त्यामुळे भर दुपारीही डोक्यावर सावली. फाटकं उंच, कुत्री लठ्ठ आणि माणसं सकाळी उठून पांढरे बूट घालून भराभरा चालणारी. ही मंडळी चालताना तब्येतीविषयी बोलत असतील असं कुणाला वाटत असेल तर धन्य आहे! इथे विषय एकच, भाव. कोपऱ्यावरचा बंगला कितीला गेला? त्याच्या शेजारचा का नाही गेला? एखादं घर चढ्या भावात विकलं गेलं की ज्यांना आयुष्यात घर विकायचं नाही तेसुद्धा दिवसभर खुशीत. आणि कुणी आजारी पडलं, तर समाचाराला येणाऱ्यांपैकी एकजण तरी पेशंटऐवजी भिंती न्याहाळत बसलेला असायचाच.

अशा ठिकाणी चावीताई राहायच्या, पण भाड्यानं. दोन मजली जुन्या घराचा वरचा मजला त्यांचा आणि त्यांच्या नवऱ्याचा. मुलगी पाळण्यात होती तेव्हा आले, ती सासरी गेली तरी हे तिथेच. भाडं जुनं, म्हणजे हल्लीच्या दिवसांत कुणाला सांगितलं तर ऐकणाऱ्याला ठसका लागावा इतकं जुनं. खाली घराच्या मालकीण. त्या शाळेत शिकवायच्या, पुढे हेडबाई झाल्या, म्हणून सगळ्या वस्तीच्या त्या 'बाई'. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. बाई खाली एकट्या, ताठ, स्वच्छ आणि थोड्या कडक. रिटायर झाल्या तरी समोरच्याला उभं राहून उत्तर द्यावंसं वाटे.

चावीताईंची घर दाखवण्याची एक रीत होती. पार्टी यायच्या आधी त्या स्वतः जाणार. सगळ्या खिडक्या उघडणार, सगळे नळ सोडून लाल पाणी वाहून जाऊ देणार, कोंदट कपाटांची दारं ओढून घेणार, घरात कुत्रं असेल तर त्याला फिरायला धाडणार. सगळ्यात चांगली खोली शेवटी दाखवायची आणि तिथे पार्टीला बसवायचं. 'उभा माणूस बघतो, बसलेला माणूस राहायला लागतो,' असं त्यांचं शास्त्र होतं. खोटं त्या कधी बोलत नसत. पण घराला वाईट म्हणणं हे त्यांच्या जिभेला जमतच नसे. अंधारी खोली असली की 'इथे झोप काय लागेल म्हणता!' स्वयंपाकघर अरुंद असलं की 'जागचं हलायला नको, सगळं हाताशी.' रस्त्याचा गोंगाट असला की 'एकटं म्हणून वाटणार नाही.' इतकी वर्षं हेच बोलून बोलून त्यांच्या जिभेला असं वळण लागलं होतं की नवऱ्याला ताप आला तरी त्या म्हणाल्या होत्या, 'चला, निदान हात गरम आहेत.'

नवरा छापखान्यात प्रुफं तपासायचा. रिटायर झाला तरी हातातली पेन्सिल सुटली नाही. सकाळचं वर्तमानपत्र तो दुरुस्त करून मगच बायकोला वाचायला द्यायचा. बोलायचा कमी, पण बोलला की टोचून.

तर एका दुपारी बाईंनी चावीताईंना खाली चहाला बोलावलं. बाई सहसा चहाला बोलवत नसत, त्यामुळे चावीताई जरा चांगली साडी नेसून गेल्या. बाईंनी कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बाब्या म्हणतोय, घर विकायचं."

बाब्या म्हणजे मुलगा. चाळिशी उलटली, हाताखाली शंभर माणसं असतील, पण आईच्या तोंडी बाब्याच.

चावीताईंनी उचललेला कप परत बशीत ठेवला. हे घर विकलं गेलं की आपण कुठे? या वस्तीत दुसरं घर भाड्यानं घ्यायचं म्हटलं तर नवऱ्याचं पेन्शन आणि आपली दलाली एकत्र करूनही त्यात एखादं गॅरेज मिळेल, तेही गाडीसकट. वस्ती सोडून लांब जायचं म्हटलं तर धंदा बसला. 'आमच्याच रस्त्यावरच्या ताई' म्हणून तर लोक चाव्या हातात देतात! हे सगळं त्यांच्या मनात भरभर येऊन गेलं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं?

"अरे वा, बाई! छान निर्णय. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

हात तिच्या! जीभ म्हणजे अगदी धंद्याला लागलेली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तूच बघ सगळं. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही असं मी बाब्याला ठणकावून सांगितलंय. जमेल ना तुला?"

"जमेल म्हणजे काय! बघता बघता विकून देते."

"हं," बाई म्हणाल्या. मग त्या नुसत्या चहा ढवळत राहिल्या. चहात साखर नव्हती, त्या बिनसाखरेचा प्यायच्या. पण चावीताईंचं तेव्हा कुठे लक्ष होतं?

वर आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि पलंगावर बसून घळाघळा रडल्या. नवऱ्यानं पेन्सिल कानामागे खोचली.

"म्हणजे आपल्याच पायाखालची जमीन तू विकणार आणि वर दलाली घेणार. वा! असा धंदा कुणी केला नसेल."

"थट्टा सुचतेय तुम्हाला?"

"मग नाही म्हण."

"बाईंना नाही म्हणू? त्यांचं घर आहे. त्यांना मुलाकडे जायचं असेल. आपण कोण अडवणारे? इतक्या वर्षांत भाडं वाढवलं नाही त्या माउलीनं!"

"मग विकू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे दाखव, पण विकू नकोस. त्यात काय अवघड आहे? मी आयुष्यात एक वस्तू विकली नाही. जुनी सायकलसुद्धा शेवटी फुकट दिली. जे खरं आहे ते सांग. छत गळतं. जिना करकरतो. झाडाची मुळं गटारात शिरलीत. माडीवर प्रुफं तपासणारा म्हातारा राहतो. कोण घेईल?"

चावीताईंनी डोळे पुसले. मनाला जरा लाजल्यासारखं झालं, कारण हे बाईंशी सरळ वागणं नव्हतं. पण घर जाणार या विचारानं काळीज असं काही चिमटीत धरलं होतं की लाज मागे पडली. ठरलं. घर दाखवायचं, पण विकायचं नाही.

पहिली पार्टी आली ती दातांच्या डॉक्टरांची. नवरा-बायको दोघंही दातांचेच. चावीताईंनी या खेपेला खिडक्या उघडल्या नाहीत, नळ सोडले नाहीत, कपाटांची दारं मुद्दाम सताड उघडी ठेवली. फाटकातच उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि एका दमात म्हणून टाकलं, "आधीच सांगते, छत गळतं."

झालं. पहिलं खरं बोलून झालं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. आणि तो पडलेला चेहरा पाहिल्याबरोबर चावीताईंच्या जिभेला राहवेना. इतक्या वर्षांची सवय! "पण फक्त एका कोपऱ्यात हं," जीभ म्हणाली. "आणि तिथे एक बादली ठेवली की तो थेंबांचा आवाज... काय सांगू तुम्हाला, माणूस सगळी दगदग विसरतो."

"खरंच?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे दिवसभर नुसती ड्रिलची घरघर."

पुढे तर विचारूच नका. जिना करकरतो म्हणून दाखवायला गेल्या आणि तोंडातून निघालं, "चोर आला तर घरभर कळेल." झाडाची मुळं गटारात शिरली आहेत म्हणाल्या आणि लगेच त्यांची मान वर गेली. "पण झाड बघा ना! असं झाड आता कुणाच्या बापजन्मी लावून मिळणार आहे?" शेवटी त्यांच्याही नकळत त्यांनी त्या दोघांना मागच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं. तिथे पानांतून ऊन खाली झिरपत होतं. डॉक्टरांनी बायकोचा हात हातात घेतला. चावीताईंना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी भाव कळवला. बरा होता. चावीताईंनी "मालकीणबाईंना विचारून सांगते" म्हणून वेळ मारून नेली आणि रात्रभर नवऱ्यासमोर सराव केला. नवरा पार्टी झाला.

"हे घर कसं आहे?" नवरा.

"गळकं आहे."

"आणि?"

"आणि... आणि..." चावीताईंचा चेहरा लाल झाला. ओठ नुसते फुरफुरत होते. "आणि गळकंच आहे!"

"शाब्बास. पुढे एक शब्द बोलायचा नाही."

दुसरी पार्टी म्हणजे एक लोखंडाचे व्यापारी. अंगानं रुंद, बोटांत अंगठ्या, आणि आयुष्यभर घासाघीस करून करून डोळे बारीक झालेले. चावीताईंनी त्यांना मुद्दाम ढगाळ दुपारी बोलावलं. घर असं काही अंधारलं होतं की स्वतःचा हात दिसू नये. आणि या खेपेला जिभेनं साथ दिली. गळतं म्हणाल्या आणि थांबल्या. करकरतो म्हणाल्या आणि थांबल्या. गटार तुंबतं, वायरिंग जुनं आहे, पलीकडच्या बंगल्यातला माणूस पहाटे तोंडानं बासरीचे सूर काढतो आणि तेही बेसूर, भिंतीला ओल येते, स्वयंपाकघरात मुंग्या आहेत. सगळं सांगून त्या शेवटी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती. आयुष्यात इतकं खरं त्या सलग कधी बोलल्या नव्हत्या.

व्यापारी हळूच हसले.

"ताई, कुणासाठी राखून ठेवलंय?"

"अं?"

"धंदा करतो आम्हीही. पंधरा वर्षं तुम्हाला ओळखतो. एक वाईट शब्द कधी कुठल्या घराबद्दल तुमच्या तोंडून ऐकला नाही. माझ्या साडूला ते तळघर विकलंत, तेव्हा तुम्ही म्हणालात, वारा लागत नाही म्हणून सर्दी होणार नाही. आणि आज तुम्ही या घराला नावं ठेवताय? चावीताई नावं ठेवताहेत?" त्यांनी डोळा मिचकावला. "डॉक्टरांनी काय दिलंय? मी त्यावर देतो."

आता बोला! चावीताईंनी शपथा घेतल्या, पुन्हा ओल दाखवली, मुंग्यांची रांग बोटानं दाखवली. जितक्या त्या घराची निंदा करत गेल्या तितके व्यापाऱ्यांचे डोळे बारीक होत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या बुटांच्या मंडळींत ही बातमी पसरायला किती वेळ लागणार? 'चावीताई बाईंच्या घराला नावं ठेवताहेत.' 'काय सांगता!' 'अहो, स्वतःच्या तोंडानं मुंग्या म्हणाल्या.' म्हणजे नक्की काहीतरी आहे. तिथून नवा मोठा रस्ता जाणार असेल. किंवा शेजारची दोन घरं मिळवून कुणी टॉवर उभा करत असेल. किंवा ताई स्वतःच घेत असतील! एका निवृत्त न्यायाधीशांनी तर घर न बघताच फोनवर भाव सांगितला. आठवड्यात फाटकासमोर गाड्या लागायला लागल्या. लोक आत येत, चावीताई तोंड वाकडं करून गळणारा कोपरा दाखवत आणि लोक एकमेकांकडे बघून समजूतदारपणे मान डोलवत. एकीनं तर मुंग्यांचा फोटो काढून नेला.

भाव चढत गेला. इतका चढला की सगळ्या रस्त्याचा भाव चढला आणि शेजारपाजारचे लोक चावीताईंना वाटेत थांबवून हात जोडायला लागले. आमच्याही घराला थोडी नावं ठेवा ना, असं एक जण म्हणाला आणि तो थट्टा करत नव्हता.

मुलाचा फोन आला. आवाज नुसता फुलला होता. "ताई, काय डोकं लढवलंत! कमाल आहे तुमची!" चावीताईंनी फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसकण मारली. नवरा वरून डोकावला.

"न विकायचं जमलं का?"

"तुम्ही आणि तुमच्या अकला!" चावीताई ओरडल्या. "आता रस्त्यात भांडी मांडायची वेळ आणलीत!" नवरा खाली उतरून त्यांच्या शेजारी पायरीवर बसला, कारण ते खरं होतं.

व्यापाऱ्यांचं ठरलं. शनिवारी दुपारी टोकन द्यायला येणार म्हणाले. मुलगा शुक्रवारीच विमानानं आला. आल्यापासून तो घरभर उभ्यानंच फिरत होता. कुठलं फर्निचर न्यायचं, कुठलं टाकायचं. बाईंसाठी त्यानं आपल्या शहरात, आपल्याच इमारतीत, आपल्यापेक्षा बरेच मजले खाली, फ्लॅट बघून ठेवला होता. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या आहेत, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बाई "बरं" म्हणत होत्या.

शनिवारी दुपारी चावीताई खाली आल्या तेव्हा मुलगा बाहेरच्या खोलीत फोनवर होता. बाईंनी त्यांना स्वयंपाकघरात खेचलं आणि दार लोटलं. शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

"काय करून बसलीस हे?"

"मी? बाई, मी तर..."

"अगं, मी तुला का दिलं होतं घर? वस्तीत पन्नास एजंट आहेत. ठणकावून तुझंच नाव का घेतलं मी?"

"का?" चावीताईंनी विचारलं.

"कारण तू इथे राहतेस म्हणून!" बाई दबक्या आवाजात कडाडल्या. "मला वाटलं, ही स्वतःचं घर कशाला विकेल? रेंगाळेल, टाळेल, वर्ष-दोन वर्षं काढेल, तोवर बाब्या कंटाळेल. तुला विचारलंसुद्धा, जमेल ना म्हणून. वाटलं, आता तरी रडेल, नाही म्हणेल. तर म्हणे बघता बघता विकून देते!"

"बाई..." चावीताई म्हणाल्या. "अहो, मी न विकायचाच प्रयत्न करत होते!"

"असा?"

"मग काय! म्हणून तर नावं ठेवली ना मी घराला!"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. चावीताई घाबरल्या, म्हातारीला काही झालं की काय. पण बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. हसता हसता त्या ओट्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "दोघीही गाढवं."

बाहेर फाटक वाजलं. व्यापारी आले होते.

सगळे बाहेरच्या खोलीत जमले. व्यापारी, मुलगा, बाई, चावीताई. आणि वरून खाली उतरून आलेला नवरा, कारण असलं काही घडत असताना वर बसणं त्याला जमेना. व्यापाऱ्यांनी खिशातून चेकबुक काढलं. पेनाचं टोपण काढलं. चावीताईंनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, हेडबाईचा सगळा ताठा गळून गेलेला. आयुष्यभर हजार पोरांना सुनावलेली बाई, पण पोटच्या पोरासमोर मिठाची गुळणी.

"थांबा," चावीताई म्हणाल्या.

व्यापाऱ्यांनी मान वर केली. आता ही भाव वाढवणार, अशा तयारीत त्यांचे डोळे बारीक झाले.

"घर विकू नकोस रे," चावीताई मुलाला म्हणाल्या. गेले दोन महिने त्याला 'अहो, तुम्ही' करणाऱ्या ताई एकदम 'अरे'वर आल्या, कारण कॉलेजात असताना हाच पोरगा त्यांच्याकडे वर येऊन त्यांच्या मुलीला खेळवायचा. "मला जायचं नाहीये इथून. मी खूप रडले. घर वाईट आहे असं सगळ्यांना सांगत सुटले, ते विकलं जाऊ नये म्हणून. माझं चुकलं. पण मला हे घर सोडायचं नाही. हे आता सरळ सांगते."

मुलगा गोंधळला. "ताई, मला तुमचं वाईट वाटतंय. पण तुम्ही भाडेकरू आहात. आईचा प्रश्न आहे इथे."

"मग आईला विचार."

"आईला विचारूनच तर..."

"कधी विचारलंस?" बाई खिडकीकडे बघतच बोलल्या. आवाज बारीक होता, पण त्यात हेडबाई परत आल्या होत्या. "तू मला घराचा भाव विचारलास. मोजमाप विचारलंस. कागद कुठे आहेत ते विचारलंस. मला कधी विचारलंस?"

मुलानं हातातला फोन खाली ठेवला. तो आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीत बसला.

"आई, गेल्या वर्षी तू बाथरूममध्ये पडलीस," तो म्हणाला. "मी तिकडे. अवेळी फोन वाजला की वाटतं, तू परत पडलीस. मीटिंगमध्ये असलो तरी. मला पैसे नकोयत गं. मला फक्त ती भीती नको आहे."

पोरगा लोभी असता तर सोपं होतं. तो घाबरलेला होता.

व्यापाऱ्यांनी खाकरून पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे आज होत नाही तर," ते म्हणाले आणि उठले. दारापाशी थांबून त्यांनी चावीताईंना मानेनंच जवळ बोलावलं. "एवढं नाटक! मुलगा, आई, रडारड. नक्की काय होणार आहे या रस्त्यावर? मला तरी सांगा." चावीताईंनी हात जोडले. ते मान हलवत गेले ते थेट शेजारच्या बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि भिंत निरखू लागले.

आत मुलगा अजून बसलेलाच होता. "बरं, आता विचारतो," तो म्हणाला. "तुला काय हवंय आई?"

हजारो पोरांना प्रश्न विचारणाऱ्या बाईंना उत्तर सुचेना. इतक्या वर्षांत कुणी हा प्रश्न त्यांना घातलाच नव्हता, त्यामुळे त्याचा अभ्यासच झालेला नव्हता. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"दांड्या बसव हव्या तर," त्या म्हणाल्या. "बाथरूममध्ये. इथल्या. फोन रोज कर, तू म्हणशील त्या वेळी. पण मला तुझ्या त्या इमारतीत नको नेऊस. तिथे वर कोण राहतं मला माहीत नाही." त्यांनी छताकडे पाहिलं. "इथे वर ही दोघं असतात. दुपारी जरा आडवी झाले की कधी कधी वरून पावलं ऐकू येतात. अगदी हलकी, कान दिला तरच कळतील अशी. ऐकू आली की मला बरं वाटतं. वाटतं, घरात माणूस आहे. मग झोप लागते. ती पावलं वर हवीत. बाकी मला काही नको."

मुलानं आईचा हात धरला आणि धरूनच ठेवला. व्यवहार मोडला हे कुणाला तोंडानं सांगावंही लागलं नाही.

चावीताईंना मात्र तिथे उभं राहवेना. त्या जिना चढून वर आल्या, नवरा त्यांच्या मागोमाग. इतकी वर्षं त्या त्याच्या कानीकपाळी ओरडत आल्या होत्या, हळू चाला, खाली बाई आडव्या झाल्यात, त्रास होईल. त्यानं चपला दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली होती. खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. खोकला आला तर उशीत. दोघं स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं चवड्यांवर चालत आले होते आणि खाली एक बाई कान देऊन बसत होत्या.

आत्ताही नवरा सवयीनं दारात चपला काढून पाय न वाजवता पलंगाकडे निघाला होता.

"अहो," चावीताई म्हणाल्या, "पाय आपटून चाला की जरा!"

नवऱ्यानं वळून बघितलं. बायको रडत होती आणि स्वतःच खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धपाधप चालत होती. त्यानं दाराबाहेर जाऊन चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग चालायला लागला.